भिंतीवरची मोटर घ्यायची, पण आधी शटर पाहा

प्रश्न : सर नमस्कार. मी वणी तालुक्यातला शेतकरी. घराले लागून गाडी आन ट्रॅक्टर ठेवाले खोली बांधली, दार १० फूट रुंद ९ फूट उंच, वरतं तूर-हरभऱ्याचे पोते ठेवाले लाकडी माळा हाय त्याच्यानं वरची जागा कमीच राहिली. हातानं ढकलाचं स्प्रिंगवालं शटर हाय. पण आता माही कंबर धरते, शटर उचलणं होत नाही. मोबाइलवर एक लहानशी मशीन पाहिली, दाराच्या बाजूनं भिंतीले लावतेत, छताले काहीच लागत नाही. भाचा अमेरिकेत राहते, तो म्हणते दिवाळीले येतो तवा बॅगेत घेऊन येतो. घ्याव का? किती किलोची पाह्यजे? आन आमच्याकडं लाइनचा काही भरोसा नाही, त्याचंही सांगजा.

उत्तर : भाऊ, आधी भाच्याला फोन करा आणि ती मशीन आणू नको म्हणून सांगा, बाकीचं मग वाचा. मशीन वाईट आहे असं नाही, लिफ्टमास्टरच्या ८५०० मालिकेसारखी ही भिंतीवरची यंत्रं तिकडं चांगली चालतात, पण ती ज्या दारासाठी बनली ते दार तुमच्याकडं नाही. तिकडच्या गॅरेजचं दार गुंडाळलं जात नाही. चार-पाच आडव्या फळ्या बिजागरीनं जोडलेल्या असतात, त्या दोन्ही बाजूच्या रुळांतून वर जातात आणि छताखाली आडव्या पसरतात. दाराच्या माथ्यावर एक लोखंडी दांडा, त्यावर पीळ दिलेली टॉर्शन स्प्रिंग, दोन टोकांना केबल. दाराचा भार ती स्प्रिंग पेलते आणि भिंतीवरची मशीन फक्त दांडा धरून फिरवते, म्हणून तर ती एवढी लहान असून चालते. तिला दांड्याच्या टोकाला बाजूची साधारण ८-९ इंच जागा लागते आणि दांडा फिरणारा लागतो. तुमच्या स्प्रिंगच्या शटरमध्ये पाइप फिरतच नाही! तो दोन्ही ब्रॅकेटमध्ये पक्का बसवलेला असतो आणि त्याच्यावर स्प्रिंगचे डबे फिरतात. मग मशीन धरणार कशाला?

वरून ती तिकडच्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या लाइनवर चालते आणि आपली लाइन २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सरळ पिन घातली तर जळेल, ट्रान्सफॉर्मर लावून चालवली तरी एखादा पार्ट गेल्यावर तो इथं कोण देणार. रिमोटही तिकडं ३१५ किंवा ३९० मेगाहर्ट्झचे, आपल्याकडं विनापरवाना रिमोटला ४३३ चा पट्टा आहे. आणि कोणी म्हणालं की शटर काढून फळ्यांचं दारच बसवा, तर ते दार उघडलं की तुमच्या माळ्याखाली आडवं येणार, ट्रॅक्टरच्या डोक्यावर. कमी जागेत गुंडाळणारं शटरच बरं, ते बदलू नका.

आता शटरला आपल्याकडं काय मिळतं ते. बाजारात दोन मोटरा जास्त चालतात. एक सेंट्रल मोटर, ती शटरच्या पाइपावर मधोमध बसते, पाइप पक्काच राहतो, जुन्या स्प्रिंगा तशाच कामाला येतात. बऱ्याच सेंट्रल मोटरा ६० मिलिमीटरच्या पाइपासाठी असतात, पाइप बारीक असला तर अडॅप्टर मिळतात, म्हणून दुकानात जायच्या आधी पाइपाचा बाहेरचा व्यास आणि स्प्रिंगच्या डब्याचा व्यास मोजून कागदावर लिहून न्या. दुसरी साइड मोटर, तुम्ही व्हिडिओत पाहिली तिच्या जवळची हीच. ती शटरच्या एका टोकाला भिंतीवर प्लेट मारून बसते आणि साखळीनं पाइप फिरवते, म्हणजे पाइप बेअरिंगवर फिरणारा करावा लागतो, शटरवाल्याकडून वरचा सगळा सेट बदलून घ्यावा लागतो. खर्च जास्त.

तरीपण तुम्हाला मी साइड मोटरच सांगतो, आणि कारण तुमची कंबर आहे. लाइन गेली की सेंट्रल मोटरचा ब्रेक वायर ओढून सोडायचा आणि शटर हातानंच उचलायचं असतं, म्हणजे जे टाळायला मोटर घेतली तेच लोडशेडिंगमध्ये पुन्हा नशिबी. साइड मोटरला हातसाखळी असते, गिअरमधून येते, उभ्या उभ्या ओढत राहायची, वेळ लागतो पण वाकावं लागत नाही आणि जोर कमी लागतो. घेताना दुकानातच ती साखळी स्वतः ओढून पाहा. साखळी नसलेली मोटर कितीही स्वस्त देत असले तरी आपल्या भागात घेऊ नका.

किलोचा हिशेब सोपा आहे, पण दुकानदाराच्या तोंडचा आकडा धरू नका, स्वतः करा. १ मिलिमीटर जाडीचा १ चौरस मीटर लोखंडी पत्रा ७.८५ किलो भरतो. १८ गेजचा पत्रा साधारण १.२ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला ९.४ किलो. तुमचं दार ९० चौरस फूट, सुमारे ८.४ चौरस मीटर, सपाट पत्रा धरला तर ७९ किलो. पण पट्ट्यांना वळणं असतात, एकीत एक अडकवलेल्या असतात, खाली जाड पट्टी, कुलपाची कडी, हे सगळं धरून सव्वाशे किलोच्या आसपास समजा. साइड मोटरला स्प्रिंगची मदत नसली तर हा सगळा भार तिच्यावरच. कागदावर ३०० किलोची पुरते.

पण लेबलवरचे ३०० किलो पूर्ण व्होल्टेजवरचे असतात. साध्या एसी मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. संध्याकाळी गावात सगळ्यांचे दिवे-पंखे लागले आणि लाइन १८० व्होल्टवर आली की ताकद ६१ टक्केच उरते, १७० वर ५५. त्यात चॅनेल, म्हणजे शटर ज्या खाचेतून वर-खाली होतं ती बाजूची पट्टी, थोडं घासत असलं की मोटर नुसती गुणगुणते, उचलत नाही, आणि अशीच गुणगुणत ठेवली तर वाइंडिंग जळते. म्हणून वायरमनकडून संध्याकाळी सात-आठच्या सुमारास व्होल्टेज मोजून घ्या, १८० च्या खाली जात असेल तर ५००-६०० किलोची सिंगल फेज घ्या. थ्री फेज घेऊ नका. शेतातली थ्री फेज ठरलेल्या तासांनाच येते आणि ती जोडणी पंपासाठी आहे, त्यावर घरचं शटर चालवणं नियमात बसत नाही.

यापेक्षाही मोठी गोष्ट भिंतीची आणि जमिनीची आहे, याचं कोणी विचारत नाही म्हणून मी जरा जास्त सांगतो. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाया उथळ असला की भिंत वर्षागणिक थोडी थोडी हलते. मग शटरची दोन चॅनेलं समांतर राहत नाहीत, वर रुंद खाली अरुंद किंवा उलट. हातानं उचलताना माणसाला कळतं की एका बाजूनं अडतंय, तो थांबतो, हलवून घेतो, मोटर तसं करत नाही, ती ओढतच राहते आणि पट्टी वाकते नाहीतर साखळी तुटते. म्हणून मोटरीच्या आधी ओळंबा लावून दोन्ही चॅनेलं तपासा आणि दारापाशीची रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी मोजा. पावसाळा संपल्यावर एकदा आणि मे महिन्यात एकदा मोजलं तर भिंत किती हलते तेही कळेल. शक्य झालं तर मोटर घेणं तोवर थांबवा, खरंच सांगतो. चॅनेलमध्ये ग्रीस भरू नका, धूळ आणि कापसाचा फुसा चिकटून लुगदी होते, कोरड्या फडक्यानं पुसून सिलिकॉनचा स्प्रे मारा.

साइड मोटरची प्लेट साडेचार इंची विटांच्या भिंतीवर चालत नाही, शटरसकट सगळं ओझं आणि हिसके तिच्यावर येतात. कॉलम असेल तर कॉलमवर, नाहीतर नऊ इंची भिंतीत आरपार बोल्ट टाकून पलीकडून दुसरी लोखंडी प्लेट.

अजून दोन गोष्टी आहेत त्यात पैसे वाचवू नका. एक, दाराच्या खालच्या बाजूला फोटो सेन्सर, जमिनीपासून सहा इंचाच्या आत. मधे लेकरू, वासरू, कुत्रं आलं की खाली येणारं शटर थांबलं पाहिजे. अमेरिकेत घरच्या दारांच्या मोटरांना १९९३ पासून अशी सोय सक्तीची आहे, आपल्याकडं शटरवाला बहुतेक वेळा विचारतही नाही, तुम्हालाच मागून घ्यावी लागेल. दुसरी, चांगली अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच. ओल्या पावसात करंट उतरलेलं लोखंडी शटर म्हणजे काय ते सांगायला नको. आणि त्या खोलीत भाव येईस्तोवर कापूस भरून ठेवत असाल, ठेवताच म्हणा सगळे, तर मोटर आणि स्विचच्या खाली-बाजूला गंजी येऊ देऊ नका, ठिणगी पडली तर विझवायलाही वेळ मिळत नाही.

प्रश्न : आमचं घर आर्वीजवळ आहे. समोर छोटं दुकान आणि घरात जायचा रस्ताही त्याच शटरमधून. आम्ही दोघंही नोकरीवर जातो, सासूबाई एकट्याच असतात. मागच्या वर्षी मोटर बसवली. आता लाइन गेली की त्यांना शटर उघडता येत नाही, एकदा दुपारभर आतच होत्या. इन्व्हर्टरवर घेतलं तर चालेल का?

उत्तर : ताई, इन्व्हर्टरच्या आधी एक दुसरं दार काढा. मागं, बाजूला, जिथं जमेल तिथं, साधं कडी-कोयंड्याचं. घरात शिरायचा आणि निघायचा एकच रस्ता, तोही मोटरीच्या भरवशावर, आणि आत एकटं म्हातारं माणूस, यात आग लागली किंवा त्यांना चक्कर आली तर काय, हा विचार करूनच माझा जीव वर-खाली होतो. भिंत फोडायला जागा नसेल तर शटरमध्येच लहान दार बसवता येतं का ते कारागिराला विचारा, वजन बदलतं म्हणून मोटर आणि स्प्रिंग पुन्हा जुळवावी लागेल.

इन्व्हर्टरचं म्हणाल तर मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, घरातला लहान इन्व्हर्टर तिथंच ट्रिप होतो. मोटरच्या पाटीवर अँपिअर लिहिलेले असतात ते वायरमनला दाखवून, इन्व्हर्टर साइनवेव्ह, म्हणजे घरच्या लाइनसारखीच वीज देणारा, आणि पुरेशा ताकदीचा असेल तरच जोडा. पुढं कधी मोटर बदलायची वेळ आली तर २४ व्होल्ट डीसीची पाहा, तिला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून लाइन गेल्यावरही चालवता येतं.

आणि या रविवारी तुम्ही घरी असताना मेन बंद करून सासूबाईंच्या हातून एकदा शटर उघडून घ्या. नुसतं सांगून होत नाही. साखळी किंवा ब्रेकची वायर त्यांच्या हाताला पोचते का, ओढण्याइतका जोर लागतो का, हे त्यावेळीच कळेल. सेंट्रल मोटर असेल तर ब्रेकची वायर बाहेरच्या बाजूनंही एका कुलपाच्या डबीत आणून घ्या, शेजाऱ्यांकडं चावी ठेवा.

प्रश्न : मूर्तिजापूरहून लिहितो. टिनाच्या शेडमधली मोटर मे महिन्यात दोन-चारदा वर-खाली केली की मधेच थांबते, अर्ध्या तासानं आपोआप चालते. मेकॅनिक म्हणतो जळत आली, नवी घ्या.

उत्तर : घाई करू नका. या मोटरा थोड्या वेळ चालून थांबण्यासाठीच बनलेल्या असतात, आत थर्मल कटआउट असतो, गरम झाली की तो बंद करतो आणि थंड झाली की सोडतो. टिनाखाली मे महिन्यात मोटर सुरू व्हायच्या आधीच तापलेली असते म्हणून लवकर कटते. हिवाळ्यातही तसंच होत असेल तर मात्र चॅनेल घासतंय, स्प्रिंग सैल झालीय की व्होल्टेज कमी आहे ते पाहा. तोवर मोटरच्या वर टिन आणि मोटर यांच्यात हवा खेळेल एवढी जागा सोडून थर्माकोलऐवजी सिमेंटचा पत्रा आडवा लावा, थर्माकोल पेट घेतो. स्प्रिंग सैल वाटली तरी स्वतः पान्हा लावू नका, ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात तोडते, शटरवाल्यालाच बोलवा.