‘व्हायकिंग’मधला किंग

एका वाचनगटाच्या हस्तलिखित अंकातलं वाक्य प्रश्नकर्त्यांनी पाठवलं आहे: ‘डेन्मार्कमध्ये जेलिंग इथं व्हायकिंग राजा गॉर्म याची समाधी आहे.’ त्यावर त्यांच्या दोन शंका. व्हायकिंगमध्ये किंग आलाच, मग पुढे ‘राजा’ लिहिणं म्हणजे ‘पिवळा पीतांबर’ नाही का? आणि ‘समाधी’ म्हणावं की ‘थडगं’?

पहिल्या शंकेचं उत्तर: नाही. व्हायकिंगमध्ये किंग नाही. पार्किंगमध्ये नाही, पॅकिंगमध्ये नाही, तसाच इथेही नाही. असता तर सोसायटीच्या प्रत्येक पार्किंगमध्ये एकेक राजा उभा असता. पण हा किंग लोकांच्या डोक्यातून जात नाही. एका व्याख्यानात मी स्वतः ऐकलं आहे: “व्हाय म्हणजे का, किंग म्हणजे राजा. ज्यांनी राजालाच ‘का?’ असं विचारलं, ते व्हायकिंग!” टाळ्याही पडल्या. मी चहाला न थांबता घरी आलो.

शब्द तुटतो तो ‘वीक’ आणि ‘इंग’ असा. नॉर्स, म्हणजे जुन्या नॉर्वे-स्वीडन-डेन्मार्ककडचे लोक, ‘वीकिंग्र’ म्हणत. ‘व्हाय’ हा पुढच्या इंग्रजांच्या तोंडचा उच्चार. वीकिंग्र ही जात नव्हे, वंश नव्हे, देश तर नव्हेच. तो उद्योग. रून या त्यांच्या जुन्या लिपीत कोरलेल्या शिळांवर अमका ‘वीकिंग’ला गेला असता मेला, असं कोरलेलं सापडतं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, मुलूखगिरी. फक्त घोड्याच्या जागी जहाज घाला. घरी शेती करणारा, गुरं राखणारा नॉर्वेतला माणूस वीकिंग्र नसे. म्हणून ‘व्हायकिंग स्त्रियांच्या पाककृती’ वगैरे मथळे पाहिले की मला ‘पेंढारी पद्धतीचं वरण’ आठवतं.

आता ‘वीक’ म्हणजे काय? बहुतेक कोश ‘खाडी’ असं सांगून मोकळे होतात: खाडीत दबा धरून बसणारा तो वीकिंग्र. काहीजण ऑस्लोच्या खाडीकाठच्या ‘वीकेन’ प्रदेशाकडे बोट दाखवतात. मला दोन्ही पटत नाहीत. खाडीत कोण बसत नाही? कोळीही बसतो. माझा कौल तिसऱ्या व्युत्पत्तीला आहे. जुन्या नॉर्समध्ये ‘विका’ म्हणजे समुद्रावरचं एक अंतर: वल्हेकऱ्यांची एक पाळी संपून दुसरी बसेपर्यंत जेवढं पाणी कापलं जाई तेवढं. मूळ धातूचा अर्थ वळणं, सरकणं, जागा देणं. वीकिंग्र म्हणजे पाळीपाळीने वल्हवत दूर जाणारा. एका दमात उरकणारा प्रवास असेल तर पाळ्या कशाला लावाल?

आणि गंमत पुढेच आहे. याच ‘विका’चा दुसरा अर्थ आठवडा. इंग्रजी ‘वीक’ तोच शब्द, दिवसांची पाळी. आता आपला ‘वार’ घ्या. संस्कृतात ‘वार’ म्हणजे पाळी, खेप, म्हणून ‘वारंवार’. सोमवार म्हणजे सोमाची पाळी. एकाच भाषाकुटुंबाच्या दोन शाखांनी एकमेकांना न विचारता कालगणनेसाठी ‘पाळी’च निवडली. (शब्द सख्खे नाहीत, कल्पना सख्खी आहे. हा फरक न कळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.)

खाडीवाले यावर म्हणतात, ‘वीकिंग्र’मधला ‘वी’ दीर्घ, ‘विका’मधला ‘वि’ ऱ्हस्व, जमत नाही. ऱ्हस्वदीर्घाचा धाक मराठी माणसाला दाखवू नये. ज्या क्रियापदापासून ‘विका’ आला, त्यातला ‘वी’ दीर्घच आहे. शिवाय हा शब्द लुटारूंच्या अर्थाने इंग्लंडमधल्या शब्दसूचींत व्हायकिंग धाडींच्या बराच आधी, इ.स. 700 च्या सुमारास, सापडतो. उत्तरेत तेव्हा शिडाचा सुळसुळाट व्हायचा होता. वल्ह्यांचा काळ, वल्ह्यांचा शब्द.

वल्ह्यांचा काळ कसा होता ते पाहायचं तर पूर्व इंग्लंडात सफकमधल्या सटन हूला चला. तिथल्या जमीनमालकीण ईडिथ प्रिटी यांनी बेझिल ब्राउन या स्थानिक उत्खननकाराला आपल्या आवारातली टेकाडं खणायला लावलं. 1939 च्या मे महिन्यात त्याला लोखंडी रिव्हेट सापडली, मग दुसरी, मग ओळच्या ओळ. लाकूड आम्लधर्मी वाळूत केव्हाच विरघळलं होतं, पण फळ्यांचा ठसा वाळूत उठलेला, आणि रिव्हेटं आपापल्या जागी. सुमारे 27 मीटर लांबीचं जहाज, आणि जहाज मात्र नाही! डोलकाठीचा माग लागला नाही. नदीवरून ओढत वर आणून, मधोमध कोठडी करून, तीत राजाला ठेवून वर मातीचा ढीग घातला होता. शिरस्त्राण, तलवार, बायझंटियमची चांदीची भांडी, आणि थैलीत आजच्या फ्रान्सकडची 37 सोन्याची नाणी. देहही लाकडासारखाच वाळूत विरून गेलेला.

हा राजा बहुतेकांच्या मते ईस्ट अँग्लिया या तिथल्या जुन्या राज्याचा रेडवाल्ड, मृत्यू इ.स. 625 च्या आसपास. मोठा मुत्सद्दी माणूस. बाप्तिस्मा घेऊन घरी आला. बायकोने समजूत काढल्यावर एकाच देवळात ख्रिस्ताची वेदी आणि जुन्या देवांची वेदी, अशा दोन्ही मांडून मोकळा झाला. ही तक्रार 731 मध्ये इतिहास पुरा करणाऱ्या बीड या साधूची आहे. मला त्यात तक्रारीसारखं काही दिसत नाही. आपल्याकडे देव्हाऱ्यात याहून दाटी असते.

पण रेडवाल्डला आणला तो ‘इंग’साठी. बीड सांगतो, रेडवाल्डच्या आजाचं नाव वुफा, म्हणून तिथल्या राजांना ‘वुफिंग’ म्हणतात. म्हणजे ‘इंग’ हा अपत्यार्थक प्रत्यय. आपल्याकडे रघूचा राघव, कुरूचा कौरव होतो. त्यांच्याकडे नावाला शेपूट लागतं. वुफा हे ‘वुल्फ’चं लाडकं रूप, आणि वुल्फ म्हणजे आपला ‘वृक’, वृकोदरातला. वुफिंग म्हणजे लांडग्याची पोरं. सटन हूच्या थैलीच्या झाकणावर दोन श्वापदांच्या मधे उभा असलेला माणूस आहे. ती श्वापदं लांडगेच असावीत असं मानणारे बरेच आहेत, त्यांत मीही एक. क्रिकेटवाल्यांसाठी: नॉटिंगहॅमचं जुनं नाव ‘स्नॉटिंगाहाम’, स्नॉट नावाच्या माणसाच्या गोतावळ्याची वाडी. त्या नावाचा आज इंग्रजीत होणारा अर्थ मी सांगणार नाही. पुढे फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांनी सुरुवातीचा ‘स’ गाळला, हे उपकारच.

आता मुळात ‘किंग’ म्हणजे काय? जुन्या इंग्रजीत ‘क्युनिंग’. ‘क्युन’ म्हणजे कुळ, गोत. आणि पुढे तोच ‘इंग’. कुळाचा पोर, कुलपुत्र. म्हणजे व्हायकिंगमध्ये किंग नाही, पण दोघांनाही शेपूट एकच आहे. तेवढ्या पोटी हा सगळा घोळ.

हा ‘क्युन’ म्हणजे आपला ‘जन’. संस्कृत ‘ज’ला तिकडे ‘क’ भेटतो: जानु आणि ‘नी’, ज्ञा आणि ‘नो’. त्या इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीला उच्चार न होता बसलेला ‘के’ असतो ना, तो हाच. हे कळलं की उत्साही मंडळी लगेच उडी मारतात: किंग म्हणजे जनक, पाहा, मिथिलेचा राजासुद्धा जनकच! या उडीचं पाप एकट्या आपल्या लोकांचं नाही. ‘किंग’ची गाठ ‘जनक’शी मारून दिली ती खुद्द मॅक्स म्युलर यांनी. एवढा मोठा पंडित, पण इथे चुकला. धातू एक म्हणजे शब्द एक होत नाही. जनक म्हणजे जन्म देणारा, क्युनिंग म्हणजे कुळात जन्मलेला. बाप आणि लेक यांत फरक करायला पंडित लागत नाही. थॉमस कार्लाइल यांनी तर 1840 च्या व्याख्यानांत ‘किंग म्हणजे कॅन-इंग, ज्याच्या अंगी करण्याची धमक तो’ असं ठोकून दिलं. भाषण जोरदार, व्युत्पत्ती शून्य.

यातली सगळ्यांत गोड चूक मात्र नॉर्स कवीची. ‘रीगस्थुला’ नावाचं जुनं काव्य आहे. रीग्र नावाने एक देव वेष पालटून हिंडतो आणि तीन घरी मुक्काम करतो. पहिल्या घरी पणजा-पणजी. कोंड्याची जाड भाकर पुढे येते. दुसऱ्या घरी आजा-आजी. तिसऱ्या घरी बाप-आई; लिननचा पांढरा कपडा अंथरलेला, गव्हाच्या पातळ पोळ्या, चांदीच्या ताटांत भाजलेले पक्षी, आणि दारू. प्रत्येक घरी तीन रात्री नवराबायकोच्या मधे झोपतो, आणि नऊ महिन्यांनी पोर होतं: दास, कुणबी, सरदार. सरदाराच्या धाकट्या मुलाचं नाव ‘कोन’. ‘उंग्र’ म्हणजे तरुण. कोन उंग्र... कोनुंग्र! नॉर्समध्ये राजाला ‘कोनुंग्र’च म्हणतात. म्हणजे व्हाय-किंगचा प्रकार त्यांनी आपल्याच राजाच्या बाबतीत करून ठेवला होता. ‘कोन’ म्हणजे कुलीन पुरुष, धातू तोच, म्हणून अर्धे गुण द्यायला हरकत नाही.

आणि ‘रीग्र’? हा शब्द नॉर्स नाहीच. आयरिश ‘री’ म्हणजे राजा, त्याचं ‘रीग’ हे रूप उचललेलं. लॅटिन ‘रेक्स’ आणि संस्कृत ‘राजन्’ याचेच भाऊ. म्हणजे रायगडातला ‘राय’ नाव बदलून नॉर्स झोपड्यांत कोंड्याची भाकर खात बसलाय, आणि त्याच्या पोटी पुढे ‘किंग’ जन्मतो! ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मी ऑफिसात काही काम केलं नाही. (त्या काव्यात आजीला ‘अम्मा’ म्हणतात. यावरून काहीही सिद्ध करू नका. लहान मुलं सगळीकडे म-म-म करतात.)

समाधीचं राहिलं. जेलिंगला दोन मोठी टेकाडं आहेत. उत्तरेकडच्यात लाकडी कोठडी, लाकूड 958–59 च्या हिवाळ्यात तोडलेलं, आत माणूस नाही. दक्षिणेकडच्यात तर कोठडीसुद्धा नाही, नुसती माती. 1970 च्या दशकाअखेर तिथल्या चर्चखाली एका पुरुषाची हाडं सापडली. मुलगा हॅराल्ड ब्लूटूथ ख्रिस्ती झाल्यावर त्याने बापाला टेकाडातून काढून चर्चमध्ये नेलं, असा अनेकांचा तर्क आहे. (हो, तुमच्या फोनमधला ब्लूटूथ तोच. ते चिन्ह म्हणजे त्याच्या नावाची दोन रून-अक्षरं एकात एक.) दोन टेकाडांच्या मधल्या शिळेवर हॅराल्डने कोरवलं: ‘हॅराल्ड राजाने आपला बाप गॉर्म आणि आपली आई थ्युरा यांच्यासाठी ही कुंब्ल करवली.’ राजासाठीचा कोनुंग्र तिथे ‘कुनुक’ दिसतो आणि कुंब्लचं ‘कुब्ल’, कारण ती मंडळी अशा जागी अनुनासिक कोरत नसत. अनुस्वाराचं टिंब खाणारे आपल्याकडेच आहेत असं नाही.

‘कुंब्ल’ म्हणजे स्मरणार्थ उभारलेल्या खुणा. देह खाली असलाच पाहिजे अशी अट नाही. आपल्या ‘समाधी’लाही ती नाही; दहन केलेल्यांच्या समाध्या गावोगाव आहेत. तेव्हा जेलिंगला ‘समाधी’ चालेल, ‘थडगं’ म्हणाल तर आत काय आहे ते दाखवावं लागेल. सटन हूसाठी ‘जहाजासह दफन’ लिहा. आणि 922 मध्ये व्होल्गाकाठी अरब प्रवासी इब्न फदलानने पाहिलेल्या रूस (म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या नॉर्स) सरदारासाठी दोन्ही नकोत, कारण त्याला जहाजासकट जाळलं होतं. तिथला एकजण इब्न फदलानच्या दुभाष्यापाशी म्हणाला होता की तुम्ही अरब मूर्ख, लाडक्या माणसाला किड्यांच्या तोंडी देता; आम्ही क्षणात जाळतो आणि तो लगेच स्वर्गात जातो. जाळण्याआधी त्या सरदाराला दहा दिवस तात्पुरतं पुरून ठेवलं होतं. यावर ‘म्हणजे दहावा!’ अशी पत्रं येतील. ते दहा दिवस त्याचे कपडे शिवायला लागले होते.

वाक्यात दुरुस्ती एवढीच: ‘व्हायकिंग राजा गॉर्म’ऐवजी ‘डेन राजा गॉर्म’ लिहा. तो मुलूखगिरीला गेला होता असं शिळेवर कुठे म्हटलेलं नाही.