फिल्म मातीत पुरायची असेल तर मुंबईत कुठली माती घ्यावी?

तुम्ही विचारलंय की रंगीत फिल्म कुंडीत पुरली तर जिवाणू तिच्यावर नक्षी काढतात का, आणि मुंबईत माती कुठली घ्यावी. काढतात. पण माझं ऐकाल तर कुंडीऐवजी खाडीचा चिखल घ्या आणि फिल्मऐवजी डार्करूममध्ये केलेली ब्लॅक-अँड-व्हाइट प्रिंट, जिच्यातलं चित्र चांदीच्या कणांचं असतं.

मीही कुंडीपासूनच सुरुवात केली होती, ऐन जुलैत. नऊ दिवसांनी पट्टी उपसली तर हातात नुसतं पारदर्शक प्लास्टिक. फार वाईट वाटलं. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला. जिवाणूंना तो आयताच खाऊ. जिवाणूंचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखही आधी जिवाणू जिलेटिनवरच वाढवायचा. पण ते उकाड्यात वितळायचं, शिवाय जिवाणूच पचवून पातळ करायचे. शेवटी त्याच्या सहकाऱ्याची बायको फॅनी हेसे हिने स्वयंपाकातलं आगर, म्हणजे समुद्री शेवाळाची जेली, सुचवलं, तेव्हा अडचण सुटली.

खाडीचा चिखल मात्र थर खाण्याआधी चांदीला धरतो. ओहोटीला सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइडचा. हवेशिवाय जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून तो बनवतात. त्यातला काही लोखंडाशी जुळतो, म्हणून चिखल काळा. आणि लोखंडाला आपल्याकडे तोटा नाही, पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा कातळ आहे. उरलेला वायू प्रिंटमधल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड करतो. डार्करूममध्ये सेपिया टोनिंग करतात, म्हणजे फोटो तपकिरी करतात, त्यातही शेवटी हेच होतं.

कांदळवनात शिरून चिखल उपसू नका, ते संरक्षित जंगल आहे. मला गोराईच्या एका कोळीण मावशींनी होडी लागते तिथला बरणीभर दिला. वर खाडीचंच पाणी, आत उभी प्रिंट, झाकण सैल. बरणी बाहेरच्या गॅलरीत ठेवा, घरात नको. तो वायू विषारी आहे. हातमोजे घाला.

चौथ्या दिवशी कडा चहाच्या रंगाच्या झाल्या. अकराव्या दिवशी चित्रातलं आकाश पूर्ण तपकिरी होतं, पण होडीचं काळं बूड तसंच, कारण फिकट भागातले चांदीचे बारीक कण आधी बदलतात. डाव्या कोपऱ्यात थर सुटून पानाच्या शिरांसारखी जाळी झाली होती. तो कोपरा मला अजून सगळ्यात आवडतो.

काढल्यावर थंड पाण्याची बारीक धार सोडा, बोट लावू नका, थर सायीसारखा निसटतो. आणि पुरलेली फिल्म धुवायला लॅबमध्ये देऊ नका, त्यांचं केमिकल नासतं आणि दुसऱ्यांचे रोल त्यात खराब होतात.