वाचक विचारतात: इंकस्केपमध्ये लावलेली पत्रिका छपाईला चालेल का?

प्रश्न: आठ पानांची ए५ पत्रिका मी इंकस्केपमध्ये (चित्रं काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) लावली. मुद्रकाने फाइल परत पाठवली. ब्लीड (पान कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून कडेबाहेर नेलेली जादा छपाई) नाही आणि काळा मजकूर चार रंगांत फुटतोय, असं त्यांचं म्हणणं. आता सगळं नव्याने करावं लागेल का?

उत्तर: चित्रं, बोधचिन्ह, मुखपृष्ठ तसंच ठेवा. मजकूर मात्र स्क्रायबसमध्ये, म्हणजे पानं लावण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, न्या.

ब्लीडची अडचण किरकोळ आहे. १४८ × २१० मिमी पानाला चारही बाजूंनी ३ मिमी धरले, तर पार्श्वभूमी १५४ × २१६ मिमीपर्यंत ताणायची, एवढंच. खरी गोम काळ्या रंगात आहे. इंकस्केपची पीडीएफ आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, निघते. छपाईसाठी तिचं सीएमवायकेत, म्हणजे निळसर, गुलाबीसर, पिवळ्या आणि काळ्या शायांत, रूपांतर झालं की साधा काळा रंग चारही शायांच्या मिश्रणातून तयार होतो. एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली, तरी बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसते. स्क्रायबसमधला ‘ब्लॅक’ फक्त काळ्या शाईचा असतो, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

स्क्रायबसची १.६ आवृत्ती घ्या. जुन्या १.४ मध्ये देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. फॉन्ट युनिकोडच हवा. नवीन दस्तऐवज उघडतानाच ब्लीड ३ मिमी भरा. मजकुराची पहिली चौकट निवडून ‘एन’ दाबा आणि पुढच्या चौकटीवर क्लिक करा, म्हणजे उरलेला मजकूर आपोआप तिकडे वाहतो. पानांचे क्रमांक मास्टर पेजवर, म्हणजे सगळ्या पानांच्या सामाईक साच्यावर, एकदाच टाका.

इंकस्केपमधली चित्रं एसव्हीजी (इंकस्केपचा रेखाचित्रांचा फाइल प्रकार) म्हणून आणा, पण त्याआधी त्यांतल्या अक्षरांवर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ चालवा, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या (पाथ) होतात. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, कारण पाथ झालेल्या अक्षरांतली शुद्धलेखनाची चूक मग दुरुस्त होत नाही.

पीडीएफ काढताना दोन गोष्टी हमखास राहून जातात. रंगांच्या टॅबमध्ये ‘प्रिंटर’ निवडायचं, नाहीतर पुन्हा आरजीबीच मिळेल. शिवाय ‘यूज डॉक्युमेंट ब्लीड्स’वर खूण करायची. सुरुवातीला भरलेलं ब्लीड त्या खुणेशिवाय फाइलमध्ये उतरत नाही.

प्रश्न: शीर्षकामागची धूसर सावली स्क्रायबसमध्ये गायब होते. असं का?

उत्तर: ती सावली म्हणजे फिल्टर (इंकस्केपने चित्रावर चढवलेला परिणाम) आहे आणि स्क्रायबसची एसव्हीजी आयात फिल्टर वाचत नाही. तेवढा भाग इंकस्केपमधून ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० पिक्सेल) पीएनजी चित्र करून चित्राच्या चौकटीत बसवा. फोटोंनाही हाच हिशेब लावा. ब्लीडसकट पूर्ण रुंदीच्या फोटोला आडवे किमान १,८२० पिक्सेल लागतात. मोबाइलवरून फिरत फिरत आलेला फोटो बहुधा तेवढा नसतो. तो ताणून मोठा करण्यापेक्षा अर्ध्या रुंदीत छापलेला बरा.