इपोलितचा लाकडी पाय

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' या फ्रेंच कादंबरीवरचा तुझा निबंध वाचला. नायिका एम्मा म्हणजे स्वप्नाळूपणा, तिचा डॉक्टर नवरा शार्ल म्हणजे सुमारपणा, औषधविक्या ओमे म्हणजे प्रगतीचा पोकळ डांगोरा. कोष्टक झकास जमलंय, मार्कही मिळतील. पण एवढं तर गाइडमध्येही असतं.

तू इपोलितवर एक ओळही लिहिली नाहीस, म्हणून हे पत्र.

योनव्हिल गावच्या खाणावळीतला हा नोकर. पाऊल वाकडं, पण त्यामुळे त्याचं काही अडत नव्हतं. ओमे कुठेतरी नव्या शस्त्रक्रियेची तारीफ वाचतो आणि गावाचं नाव निघेल म्हणून हात धुऊन मागे लागतो. एम्माला नवऱ्याची कीर्ती हवी असते. शार्लला नाही म्हणता येत नाही. रूआं शहरातून ग्रंथ मागवून तो रोज रात्री डोकं धरून बसतो. टाचेची शीर कापली जाते, पाय जड पेटीत अडकवला जातो, आणि ओमे लगेच वर्तमानपत्राला मजकूर पाठवून मोकळा! पुढे पाय सडतो. बाहेरगावचा डॉक्टर येऊन तो मांडीपासून कापतो.

मग एम्मा इपोलितला लाकडी पाय भेट देते. किंमत 300 फ्रँक. स्प्रिंगचे सांधे, वर काळी विजार, चकचकीत बूट. तो मागवून देतो कापडवाला लरो, तोच जो पुढे तिला कर्जाच्या हुंड्यांमध्ये गुंतवत नेतो. पाय इतका देखणा की इपोलितला तो रोज घालवत नाही. तो साधा दुसरा मागून घेतो. आणि रस्त्यात ती टकटक लांबून ऐकू आली की शार्ल वाट बदलतो.

आता तुझ्या कोष्टकातला हा पाय कुठल्या रकान्यात घालशील? ओमेची प्रगती, एम्माची हौस, शार्लचा दुबळेपणा आणि लरोची उधारी, सगळ्यांचं बिल तिथे एकत्र येतं आणि भरतो इपोलित. आशय एकेका पात्राच्या पोटात दडलेला नसतो. एकाचं दुसऱ्याला काय भोवतं, तिथे तो सापडतो. माझ्या मते एम्माला तिचे प्रियकर रोदोल्फ आणि लेओं मारत नाहीत. 8,000 फ्रँकची जप्तीची नोटीस मारते. ओमेला मात्र शेवटच्या ओळीत सरकारी सन्मानपदक मिळतं.

फ्लोबेरवर 1857 मध्ये नीतिभंगाचा खटला झाला, हे तुला ठाऊक आहेच. सरकारी वकिलाची एक तक्रार अशी होती की, या बाईला दोषी ठरवू शकेल असं एकही पात्र पुस्तकात नाही. फ्लोबेर सुटला, पण तो सरकारी वकील वाचक म्हणून पक्का होता (हे बचाव पक्षाला आवडलं नसतं). लेखकाचं मत बोलून दाखवणारं पात्र इथे खरोखरच नाही. तू ओमेचं भाषण उतरवून 'लेखक म्हणतो' असं लिहिलंयस, ते आधी खोड.

कृषी प्रदर्शनाचं प्रकरणही पुन्हा वाच. खाली खताची बक्षिसं पुकारली जातात, वरच्या मजल्यावर रोदोल्फ एम्माशी प्रेमाच्या गप्पा मारतो. पण 54 वर्षं एकाच शेतावर राबलेल्या म्हातारीच्या हातांपाशी जास्त थांब. तिचं पदक 25 फ्रँकचं.

नवा निबंध इपोलितपासून सुरू कर. एम्माच्या अंत्यविधीला तो चर्चमध्ये येतो. कुठला पाय लावून येतो ते शोध, आणि तोच का, ते मला लिहून पाठव.

कळावे.