झेंगहेचा बायहाओ यिनझेन फिका का लागतो?

बायहाओ यिनझेन हा चीनचा व्हाइट टी (पांढरा चहा) ७० अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवला तरी नुसतं गरम पाणी प्यायल्यासारखं लागतं, म्हणून चहा खोटा आहे का, असं तुम्ही विचारलंय. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. ही ग्रीन टीची पद्धत झाली, ती इथे चालत नाही.

या चहात फक्त चहाच्या झुडपाच्या पानांच्या न उमललेल्या कळ्या असतात. चीनच्या फूजियान प्रांतातल्या फूडिंग आणि झेंगहे भागांत त्या वसंताच्या सुरुवातीला थोडेच दिवस खुडतात, मग कोमेजू देतात आणि वाळवतात. भाजणं नाही, वळणं नाही. त्यामुळे कळी आतून अखंड राहते, वर दाट पांढरी लव असते, आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो. फूडिंगची कळी गुबगुबीत आणि जास्त पांढरी, झेंगहेची लांबट आणि करडी-हिरवी. झेंगहेचा माल मुळात कमी. मिळालाच असेल तर नीट करून प्या.

चमच्याने मोजू नका. कळ्या फुगीर असल्याने चमचाभर चहा जेमतेम एक ग्रॅम भरतो. लहान वजनकाट्यावर ५ ग्रॅम घ्या, झाकणाची ११०-१२० मिलीची वाटी गरम पाण्याने विसळून त्यात टाका. पाणी ९० अंश. धार कळ्यांवर नको, काठावरून सोडा. जोराच्या धारेने लव सुटते आणि चहा गढूळ दिसतो. पहिलं पाणी ४५ सेकंद, दुसरं ३०, पुढे दर वेळी १५-२० सेकंद वाढवत सहा-सात वेळा निघतं. प्रत्येक वेळी शेवटच्या थेंबापर्यंत ओता आणि झाकण उघडं ठेवा, नाहीतर कळ्या वाफेत शिजून उकडलेल्या भाजीचा वास येतो. मोठ्या कपात (मगमध्ये) करायचा असेल तर ३ ग्रॅम, २५० मिली, पाच मिनिटं. कपात तरंगते ती लव, धूळ नव्हे.

एवढं करूनही चव आली नाही तर पाणी बदला. बोअरवेलच्या जड पाण्यात रंग गडद होतो, सुगंध मात्र मरतो. दूध-साखर अजिबात नको, चहाची चव सापडणारच नाही.

डबा हवाबंद हवा आणि मसाल्यांपासून लांब. कोकणातल्या पावसाळ्यात तर उघडा राहिलेला पुडा लवकर कुबट होतो, आणि तो वास नंतर कशानेही जात नाही.