बोइंगचं ७७७एक्स २०२० ला येणार होतं, आता २०२७ म्हणतायत. एवढा पैसा, एवढी टेक्नॉलॉजी असून नवीन विमानाला इतका उशीर का होतो? मुद्दाम करतात का?

मुद्दाम कोणी करत नाही हो. उशीर झाला की एअरलाइनला भरपाई द्यावी लागते, ऑर्डरी जातात, आणि बनून तयार असलेली विमानं नुसती उभी राहिली की त्यात पैसा अडकून पडतो तो वेगळाच. ७७७एक्सची तारीख २०२७ वर गेली तेव्हा बोइंगला एका तिमाहीत त्यापायी जवळपास ४९० कोटी डॉलरचा फटका दाखवावा लागला. एवढं नुकसान कोण हौसेने करून घेईल?

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका छोट्या शॉपमध्ये क्वालिटी बघतो, बारा वर्षं झाली. आम्ही ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट, क्लिपा असले हातात मावणारे पार्ट बनवतो, ते आमच्याकडून एका कंपनीकडे जातात, तिथून दुसरीकडे, आणि मग कुठेतरी लांब विमानाला लागतात. त्यामुळे हा उशीर मी पार खालच्या टोकाकडून बघितलाय, तिथलंच सांगतो.

मागे आमचा ४० ब्रॅकेटचा लॉट होता. व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) मशिनिंग झालं, सीएमएमवर (मापं तपासायचं मशीन) सगळी मापं ओके आली, बाहेरून ॲनोडायझिंग (गंज न लागावा म्हणून वरचा थर) करून आले, पॅकिंगचे खोके पण तयार. संध्याकाळी मी पेपर लावायला बसलो तर मटेरिअलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर हीट नंबरात (धातू ज्या खेपेत वितळवून ओतला तिचा नंबर) ८ आणि आमच्या रूट कार्डवर (पार्टसोबत फिरणारा कामाचा कागद) त्याच जागी ३. कच्च्या मालाच्या बारवरचा रंगाचा मार्क घासला होता, कटिंगवाल्याने वाचताना चूक केली असणार. असणार, पण नक्की कोण सांगणार? तोपर्यंत दोन हीटचा माल एकाच रॅकवर होता. मग लाल टॅग लावला आणि सगळा लॉट पिंजऱ्यात कुलूप लावून ठेवला. आता हे विमानाच्या ग्रेडचं मटेरिअल काही गावातल्या डीलरकडे मिळत नाही, मिलच्या सर्टिफिकेटसकट यायलाच सात आठवडे गेले, मग परत मशिनिंग, परत ॲनोडायझिंग, परत इन्स्पेक्शन, असे मिळून अकरा आठवडे गेले. कस्टमरने आमच्यावर आरडाओरडा केला, त्याच्यावर त्याच्या कस्टमरने केला असेल. माझ्या मनाला विचाराल तर ते ब्रॅकेट चांगलेच होते. पण विमानाच्या कामात पार्ट चांगला असून भागत नाही, तो चांगला आहे हे कागदावर सिद्ध व्हावं लागतं, आणि खरा वेळ तिथेच जातो.

आता हाच हिशोब मोठा करून बघा. बोइंगच्याच ७८७ ड्रीमलायनरमध्ये साधारण २३ लाख पार्ट असतात. ते विमान ८ जुलै २००७ ला मोठ्या समारंभात जगासमोर आणलं, कारण अमेरिकन पद्धतीने ती तारीख ७-८-७ अशी लिहितात. तारीख आधी ठरलेली आणि विमान तिच्यात बसवलेलं. फास्टनरचा (भाग जोडायचे बोल्ट, रिवेट वगैरे) जगभर तुटवडा होता म्हणून कितीतरी ठिकाणी तात्पुरते फास्टनर मारले होते, ते नंतर शोधून काढून खरे बसवत बसावं लागलं, आणि लावलेला फास्टनर काढायचा म्हणजे भोक खराब व्हायची भीती, ते काम करणाऱ्यालाच कळतं. त्यात पंख जपानमधून, बॉडीचे तुकडे इटली, जपान, अमेरिका असे येणार, आणि ते सगळं भरून जोडायच्या तयारीत यायला पाहिजे होतं ते अर्धवटच आलं, म्हणजे वेंडरचं राहिलेलं काम फायनल असेंब्लीच्या लोकांच्या गळ्यात. पुढे २००९ मध्ये पंख बॉडीला जुळतो तो भागच कमी पडतोय असं टेस्टमध्ये दिसलं, तिथे मजबुती करावी लागली. शेवटी पहिलं उड्डाण १५ डिसेंबर २००९ ला झालं आणि जपानच्या एएनए एअरलाइनला मे २००८ मध्ये कबूल केलेलं विमान सप्टेंबर २०११ मध्ये मिळालं.

एअरबसच्या ए३८० चं कारण तर ऐकून माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. त्या विमानात ५०० किलोमीटरच्या वर वायरिंग. जर्मनी आणि स्पेनची टीम कॅटिया या डिझाईनच्या सॉफ्टवेअरच्या व्हर्जन ४ वर, फ्रान्सची व्हर्जन ५ वर. डिझाईन इकडून तिकडे नीट गेलंच नाही, आणि हँबुर्गहून आलेले हार्नेस (वायरींचे बांधलेले जुडगे) टूलूजला बसवायला घेतले तर वायरी आखूड. आम्हाला साध्या ड्रॉइंगची रिव्हिजन बी ऐवजी सी आहे हे चार दिवस उशिरा कळलं तरी पूर्ण बॅच जाते, तिथे तर अख्खं विमान उसवून परत वायरिंग करायचं होतं. जवळजवळ दोन वर्षं गेली त्यात.

७७७एक्सचं तुम्ही विचारलंत म्हणून. त्याला एक कारण नाहीये, एकावर एक येत गेली. आधी इंजिनात प्रॉब्लेम. मग सप्टेंबर २०१९ मध्ये स्ट्रेंथ टेस्टला बॉडी फाटली, सेवेत येऊ शकेल त्या जास्तीत जास्त लोडच्या दीडपट लोड लावतात, त्याच्या ९९ टक्क्यांवर. मग ७३७ मॅक्सचे दोन अपघात झाले होते, ३४६ माणसं गेली, त्यानंतर अमेरिकेच्या एफएएने (विमानांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) प्रत्येक गोष्ट बारकाईने तपासायला घेतली (आणि घ्यायलाच पाहिजे होती). २०२४ मध्ये इंजिन पंखाला धरून ठेवणाऱ्या जोडणीतल्या एका पार्टला क्रॅक सापडले, टेस्टिंग थांबलं. यातली एकेक गोष्ट दुरुस्त होते, पण दुरुस्त केली की ती परत सिद्ध करायची, आणि तिच्यामुळे बाजूचं जे बदललं ते पण.

आमच्या नाशिकजवळच्या ओझरचंच बघा ना. तेजस मार्क १ए लढाऊ विमान आहे, प्रवासी नाही, पण दुखणं तेच. १७ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात बनलेलं पहिलं मार्क १ए उडालं, मला खूप अभिमान वाटला. पण एअरफोर्सला डिलिव्हरी मार्च २०२४ पासून सुरू व्हायची होती, ती अडकली त्याचं मोठं कारण अमेरिकेहून येणारं इंजिन वेळेवर आलं नाही. २०२५ च्या मध्यात एअरबसची पण साठेक विमानं नुसती इंजिनं नाहीत म्हणून उभी होती. बाकी सगळं तयार असलं तरी एका वस्तूसाठी विमान थांबतं.

आणि घाई केली की काय होतं ते पण सांगतो, कारण काहीजण 'जरा रेटा लावायला पाहिजे' असं म्हणतात. ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स ९ चा दरवाजाच्या जागी बसवलेला प्लग हवेत निघून गेला. फॅक्टरीत बाजूचे रिवेट दुरुस्त करायला तो उघडला होता, परत बसवताना चार बोल्ट लावलेच नाहीत, आणि उघडल्याची कुठेच नोंद नाही, मग तपासणार कोण? नशीब कोणी गेलं नाही. मी ती बातमी वाचली आणि दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये आमच्या पोरांना सगळ्यांना बसवून वाचून दाखवली.

आमचे ते ४० ब्रॅकेट शेवटी बँडसॉवर कापले. असा पार्ट अख्खा भंगारात द्यायचा नसतो, कोणीतरी उचलून परत विकला तर कुठल्या विमानाला लागेल सांगता येत नाही. कापताना मी शेजारी उभा होतो, मोजून ४० चे ८० तुकडे झाले, मगच फॉर्मवर सही केली.