खडकाचे नाव शेवटी सांगावे

प्रश्न : कोल्हापूरच्या एका अध्यापक विद्यालयात मी डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या) विद्यार्थ्यांना परिसर अभ्यास शिकवते. बहुतेकजण कला शाखेतून आलेले असल्याने खडक व माती या प्रकरणांत त्यांची गाडी व्याख्यांपुढे जात नाही. खडकांच्या नमुन्यांची पेटीही आमच्याकडे नाही. प्रात्यक्षिक कसे घ्यावे?

उत्तर : पेटी नाही हे एका परीने बरेच झाले. आपल्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे आणि पन्हाळ्याच्या माथ्यावर तांबडा जांभा आहे. एवढ्या दोन दगडांवर तीन-चार तासिका सहज निघतात.

प्रत्येक गटाला दोन्ही दगड द्यावेत, पण नावे सांगू नयेत. भिंगातून पाहावे, हातात तोलावे, वर पाण्याचे थेंब टाकावेत आणि दिसेल तेवढेच वहीत लिहावे. जांभ्यात पाणी जिरते, काळ्या दगडावरून ते ओघळते. दोघांचा काही संबंध नसावा, असे मत पडले की मगच सांगावे की उष्ण, पावसाळी हवेत बेसॉल्ट दीर्घकाळ कुजत गेला, त्यातील सिलिका वाहून गेली, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली आणि त्याचाच जांभा झाला.

बेसॉल्टच्या पोकळ्यांतील पांढऱ्या खड्यांना विद्यार्थी सरसकट गारगोटी म्हणतात. ते खरवडून थोडी भुकटी काढावी व तिच्यावर लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आले तर ते कॅल्साइट, म्हणजे चुन्याचे खनिज. बुडबुडे न येता खड्याने काचेवर स्पष्ट ओरखडा उठला तर ती बहुधा गारगोटी, आणि दोन्ही घडले नाही तर झिओलाइट (बेसॉल्टच्या पोकळ्यांत आढळणारे एक खनिज) असण्याचा संभव मोठा. काच हातात न धरता टेबलावर सपाट ठेवावी, आणि हातोडा चालवायचाच झाला तर तो संरक्षक चष्मा लावून आपणच चालवावा.

मातीसाठी पंचगंगेकाठचा गाळ बरणीतल्या पाण्यात ढवळून ठेवला तरी पुरे. वाळू लगेच तळाशी बसते, चिकणमातीला दिवस लागतो. (गाळ वर्गात आला की २०१९ व २०२१ च्या महापुराचा विषय निघतोच. तो निघू द्यावा.)

हे सारे स्वतः करून झाल्यावरच विद्यार्थ्यांना चौथीच्या वर्गासाठी पाठ आखायला सांगावे आणि ‘दगड वाढतो का?’ यासारखा मुलांचा प्रश्न कोणत्या कृतीने तपासता येईल, हे त्यात लिहून घ्यावे. गुण देताना खडकाचे नाव बरोबर आले की नाही यापेक्षा वहीतील नोंदींना अधिक वजन द्यावे.